‘गृहीत धरणे’ की ‘हक्काने सांगणे’?

नौपाडा, ठाणे:
मजल्यावर दिवसभर घरी असणारी मी एकटीच, त्यामुळे शेजारणीची पार्सलं माझ्याकडे. पहिला मेसेज आला, ‘काकू, घेऊन ठेवाल का?’ दोनेक महिन्यांनी, ‘घेऊन ठेवा हं.’ हल्ली नुसतंच, ‘आलं का?’ डिलिव्हरीवाला आता तिची बेल वाजवतही नाही. याला गृहीत धरणं म्हणायचं की हक्कानं सांगणं? ‘हक्कानं सांग गं’ असं सुरुवातीला मीच म्हटलं होतं.

वाशी:
‘ग्रह्’ म्हणजे घेणे, पकडणे; त्यावरून गृहीत. भूमितीत ‘हे दोन कोन समान आहेत असे गृहीत धरू’ म्हटलं तर कोनांना काही वाटत नाही. माणसाला बोचतं, कारण विचारायची पायरी गाळलेली असते. तुमच्या दुसऱ्या मेसेजात ‘का’ गळला, तिथेच धरलं तुम्हाला. तिसऱ्यात तो परत आलाय खरा, पण पार्सलची चौकशी करायला.

कोपरी:
केलं तुका, झालं माका!

वाशी:
नाही हो. दुसऱ्यावर टाकलेला डाव आपल्यावरच उलटला, तर ती म्हण. काकूंनी कुठला डाव टाकला? ‘गरज सरो, वैद्य मरो’ही बसत नाही. इथे गरज सरतेय कुठे, पार्सल रोज येतंय.

नेरुळ:
कृतघ्न तर मुळीच म्हणू नका. त्यातला ‘घ्न’ शत्रुघ्नातला, म्हणजे केलेलं मारून टाकणारा. कृतज्ञ म्हणजे केलेलं जाणणारा. ‘जाण ठेवणे’तली जाण त्याच धातूची. गंमत म्हणजे ‘कृतज्ञ’ या शब्दात परतफेड कुठेच नाही. त्यासाठी उतराई होणे, पांग फेडणे असे वेगळे शब्द आहेत. आणखी एक: मिंधा, ऋणी हे घेणारा स्वतःबद्दल म्हणतो. ‘हक्कानं सांग’ आणि ‘मला गृहीत धरलं’ ही दोन्ही वाक्यं मात्र देणाऱ्याच्याच तोंडची. मधे फक्त काही महिने जातात.

नौपाडा, ठाणे:
हे वाचून जरा चपापलेच. काल जांभळी नाक्यावर भाजी घेतली, दोन्ही पिशव्या जड, रिक्षा मिळेना. शेजारणीला फोन लावला, ‘अगं, स्कूटर घेऊन ये.’ ती आली. येताना वाटेत मला आठवण करून दिली, पार्सल आहे आज. पण ‘येतेस का?’ असं मी कुठे विचारलं होतं?