विमानाच्या पत्र्यामागचा गंज थर्मल कॅमेऱ्यात खरंच दिसतो का?

देवगडचा_हापूस: आमच्याकडे खाऱ्या वाऱ्याने गेटच्या बिजागऱ्या टिकत नाहीत आणि तिकडे चिपीला विमानं उतरतायत, वरून रंग चकचकीत असला तर आतला गंज कळतो कसा? थर्मल कॅमेऱ्याने फोटो काढला की झालं का?

पत्रा_तपासनीस: नुसत्या फोटोत काय दिसणार, सगळा पत्रा एकाच तापमानाचा असतो. फ्लॅश लॅम्पने क्षणभर तापवतात आणि तो निवतो कसा ते कॅमेऱ्यात बघतात. मागून गंजून पत्रा पातळ झाला असेल किंवा जोडाचा गोंद सुटला असेल तर उष्णतेला आत जायला वाट नाही, मग तेवढी जागा जरा जास्त वेळ गरम राहते. ॲल्युमिनियममध्ये उष्णता भरभर पसरते, खेळ मिलिसेकंदांचा, त्यामुळे मोबाईलला लावायचा स्वस्त कॅमेरा इथे बाद.

तारकर्ली_किनारा: १९८८ चं अलोहा एअरलाइन्सचं बोइंग ७३७ विमान आठवा. हवाई बेटांची खारी हवा, सुमारे ९० हजार उड्डाणं, जोडाचा गोंद सुटलेला, रिव्हेटपाशी भेगा, आणि हवेतच छताचा मोठा तुकडा उडाला. एक एअर होस्टेस गेली बिचारी. तरी विमान उतरवलं, कमाल पायलट!

देवगडचा_हापूस: बापरे! मग आता सगळी विमानं अशीच तपासतात?

पत्रा_तपासनीस: नाही रे, आधी डोळ्यांनी, मग बऱ्याचदा एडी करंट, म्हणजे तारेच्या कॉइलने पत्र्यात भोवऱ्यासारखा विद्युतप्रवाह निर्माण करून त्यातल्या फरकावरून भेग किंवा गंज ओळखायचा. थर्मलचा फायदा म्हणजे हात न लावता मोठा भाग पटकन होतो. पण गंज खोलवर, दुसऱ्या थरात असला की चित्र धूसर, आणि उघडा चकचकीत पत्रा असेल तर आधी धुता येणारा काळा रंग मारावा लागतो.