विषय: शनिवारचं एचपीव्ही टेबल

सुलभा:
मेळाव्यात आपल्यासोबत असलेल्या कृष्णवर्णीय चर्चच्या बायकांचा परत फोन आला. मेळाव्यात मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूवरची, लस टोचू नका म्हणतात. आधी डॉक्टरांना बसवा, आयांना प्रश्न विचारू द्या. पत्रकाच्या मसुद्यात ‘जागेवरच मोफत लस’ लिहून झालंय. उद्यापर्यंत कळवा.

विनय:
आरोग्य समितीत हे कधीच ठरलंय. नर्स, फ्रीज, सगळं पक्कं आहे. पंधराव्या वाढदिवसाआधी सुरुवात केली तर डोस कमी लागतात. इथे अमेरिकेत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने कृष्णवर्णीय बायका गोऱ्या बायकांपेक्षा जास्त दगावतात. मग उशीर कशाला?

मेधा:
विनय, क्लिनिकमध्ये मी चर्चमधल्या आयांशी रोज बोलते. ‘एवढ्या लहान मुलीला हे आत्ताच का?’ हे आपल्या मराठी आयाही विचारतात. चर्चमधल्या आयांच्या मनात आणखीही काही असतं. अलाबामातल्या टस्कीगीला 1932 ते 1972 सरकारी डॉक्टरांनी सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवलं, पेनिसिलिन आल्यावरही. आपल्या बाल्टिमोरमध्येच 1951 साली हेन्रिएटा लॅक्सच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता संशोधनासाठी घेतल्या. पुढे त्याच पेशींत एचपीव्ही-18 सापडला. चर्चमधल्या आजींना हे पाठ आहे. परवा एका आईने कुपीवरचा लॉट नंबर वहीत उतरवून घेतला, दुसरा डोस कधी ते तीनदा विचारलं, आणि मुलीला लस देऊनच गेली. अशा बाईला लसविरोधी म्हणू नका. ओळखीच्या डॉक्टरने नीट समजावून ‘द्या’ म्हटलं की बऱ्याच जणी देतात.

अनंतकाका:
मेधाचं पटलं. आपल्याकडे भारतात 2009 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदऱ्यात एचपीव्ही लसीचा प्रकल्प झाला. खम्ममला कित्येक आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या. काही मुली दगावल्या. चौकशीत लसीशी संबंध आढळला नाही, तरी 2010 मध्ये प्रकल्प थांबला. आईबापांना न विचारता केलं की असं होतं. आता पुण्याच्या सिरमचीच लस आहे. भाचीच्या मुलीने तिकडे घेतली. बरं, गणपतीतली घडीची टेबलं कोणाकडे आहेत?

विनय:
काका, टेबलं माझ्या गराजमध्ये. पण समितीला न विचारता पत्रक बदलू नये. फ्रीज रद्द करू का?

मेधा:
फ्रीज राहू दे. ज्यांना त्याच दिवशी द्यायची असेल त्यांना देऊ. ‘जागेवरच’ तेवढं काढा, ‘डॉक्टरांना विचारा’ टाका. आणि त्यांच्या चर्चमधल्या बालरोगतज्ज्ञ बाईंना बोलवा, त्यांना तिथे मान आहे.

सुलभा:
विनय, समितीचा होकार आज रात्री दे. पत्रक सकाळी छापायला जाईल. बाईंना मी फोन करते.