टॉरन्स की प्लेनो? जपानी वस्ती बघून घर निवडावं का?

निशिकासाईकर
नमस्कार मंडळी. आम्ही सध्या तोक्योत, निशिकासाईला राहतो. मी पुण्याचा, बायको तोक्योशेजारच्या चिबाची. लेक आठ वर्षांची, मुलगा पाच. पुढच्या उन्हाळ्यात कंपनी अमेरिकेत पाठवते आहे आणि दोन ऑफिसांपैकी एक निवडायला सांगितलंय: लॉस एंजेलिसच्या दक्षिणेचं टॉरन्स, नाहीतर डॅलसजवळचं प्लेनो. बायकोला टॉरन्स हवंय. तिकडे जपानी दुकानं, जपानी डॉक्टर, शनिवारची जपानी शाळा, सगळं आहे. मला वाटतं प्लेनो बरं. तेवढ्याच पैशात बरंच मोठं घर, राज्याचा आयकर नाही, शाळा उत्तम.

माझं मत असं की भाषा आणि संस्कार घरात होतात. आई मुलांशी जपानीतच बोलते, दरवर्षी आजोळी जाणं होतं, मग वस्ती कशाला लागते? उलट परदेशात जाऊन आपापल्याच लोकांत राहिलं की मुलांना तो देश कळतच नाही. इथे मिश्र कुटुंबं असलेले बरेच जण आहेत. स्पष्ट बोला.

प्लेनोवासी
या या, स्वागत! टॉरन्सची जी कीर्ती वहिनींनी ऐकली असेल तिच्यातला मोठा भाग टोयोटामुळे होता. १९८२ पासून त्यांचं अमेरिकेतलं मुख्यालय तिथे होतं. २०१७ मध्ये ते उचलून आमच्या प्लेनोत आणलं. त्याच वर्षी मित्सुवा या जपानी किराणा साखळीचं दुकानही इथे उघडलं. शनिवारची शाळा डॅलसला आहे. म्हणजे जपानी वस्ती ही कंपनीच्या मागे चालत येते, आणि कंपनी हलली की हलते. तिच्या भरवशावर टॉरन्सचं भाडं भरण्यात काय हशील?

गार्डीनाकर
प्लेनोवासी, अर्धंच सांगितलंत. टॉरन्सच्या शेजारच्या गार्डीनात माझं बरंच आयुष्य गेलं, सासुरवाडी इथलीच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इथे दोन वेगळे जपान आहेत. एक बदलीवाल्यांचा: नवरा तीन ते पाच वर्षांसाठी आलेला, मुलं परत जाऊन तिथल्या परीक्षांना बसणार, त्यामुळे शनिवारची शाळा आणि ट्यूशन यांत बुडालेली. टोयोटाबरोबर हलला तो हा जपान. तोही सगळा नाही, होंडाचं अमेरिकेतलं मुख्यालय अजून टॉरन्समध्येच आहे.

दुसरा जपान शंभरेक वर्षांपूर्वी इथे स्ट्रॉबेरी आणि भाजीपाला पिकवायला आलेल्यांचा. माझी बायको त्यांच्यातली, चौथी पिढी. तिला जपानी येत नाही म्हटलं तरी चालेल. पण उन्हाळ्यात बौद्ध मंदिरात ओबोनचं, म्हणजे पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाचं, नाच-गाणं असतं तेव्हा तिच्या आजीपासून आमच्या पोरांपर्यंत सगळे एकाच रिंगणात असतात. डिसेंबर संपता संपता मोची (चिकट भाताचे गोळे) कांडायला सगळे जमतात. आमच्या मंदिरातल्या पोरांत निम्मी तरी मिश्र असतील. मेक्सिकन-जपानी, फिलिपिनो-जपानी, आमची मराठी-जपानी. कोणी वळून बघत नाही. बदलीवाल्यांत मात्र ‘तुझी मुलं दिसत नाहीत हो जपानी’ हे वाक्य कौतुकाच्या सुरात ऐकावं लागतं.

हा दुसरा जपान कंपनीबरोबर हलत नाही. त्याला एकदाच हलवलं होतं, १९४२ मध्ये, जपानशी युद्ध चालू असताना, सरकारी हुकमानं. पश्चिम किनाऱ्यावरची जपानी वंशाची जवळपास १,२०,००० माणसं छावण्यांत नेली, त्यातली बहुसंख्य अमेरिकन नागरिकच होती. इथल्या पुष्कळांना आधी सांता अनिताच्या घोड्यांच्या तबेल्यात ठेवलं. शेतं गेली. परतल्यावर बऱ्याच जणांनी दुसऱ्यांच्या बागा राखून घर चालवलं. तरी पुन्हा इथेच वसले. लॉस एंजेलिसच्या जुन्या जपानी वस्तीतलं, लिटल टोकियोतलं, १९०३ चं मोचीचं दुकान आजही चालू आहे.

शनिवारची_आई
मी जपानी-मराठी घरातली आई, पूर्व किनाऱ्यावर. गार्डीनाकरांचं चित्र सुंदर आहे, पण धागाकर्त्यांच्या लेकीची जपानी ओबोनच्या रिंगणात टिकणार नाही. तुमच्याच बायकोला चौथ्या पिढीत भाषा येत नाही, हे तुम्हीच लिहिलंत.

धागाकर्ते, ‘घरात होतात’ हे बोलण्यापुरतं खरं, वाचण्यापुरतं नाही. जपानी प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत १,०२६ कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं, येतात. तिसरीअखेर ४४०. तुमची लेक आत्ता तोक्योच्या शाळेत ती रोज बघते, पाट्यांवर, दुधाच्या पाकिटावर, मैत्रिणींच्या चिठ्ठ्यांत. अमेरिकेत ते सगळं एका शनिवारात कोंबतात आणि बाकीचा गृहपाठ म्हणून घरी येतो. मुलं जपानी नागरिक असतील तर पाठ्यपुस्तकं वाणिज्य दूतावासामार्फत फुकट मिळतात, पण ती वाचून कोण घेणार? आमच्या मोठ्यानं पाचवीत सोडून दिलं. अभ्यास जड गेला हे एक, पण त्याच्याशी जपानीत भांडायला आठवडाभर दुसरं कोणी नव्हतं. आमच्या गावात जपानी मूल म्हणजे तो एकटाच. तेव्हा माझं मत टॉरन्स, आणि तेही बदलीवाल्यांसाठी. ते येतात-जातात म्हणूनच दर एप्रिलला वर्गात ताजी जपानी बोलणारी पोरं असतात.

भोचक_भवानी
इतकं सगळं वाचलं, मराठी कुठे आहे यात? बाप पुण्याचा ना? शनिवारी जपानी शाळा, रविवारी ओबोन, मग पुण्यातली आजी व्हिडिओ कॉलवर पोरांशी कुठल्या भाषेत बोलणार? कागदावरही तेच. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, जपान विसाव्या वर्षापर्यंत एक निवडा म्हणतो, म्हणजे मुलं जपानी पासपोर्टवर राहणार आणि आपण ओसीआयवर (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या कार्डावर) समाधान मानायचं. निदान प्लेनोत मराठी माणूस पैशाला पासरी आहे. गणपती, दिवाळी, मराठी शाळा सगळं आहे. बाबांच्या बाजूचाही विचार व्हावा की!

निशिकासाईकर
भवानीताई, नेमकं बोललात. हा मुद्दा मी घरी मांडला तर भांडण होईल म्हणून इथे मांडत होतो.

तोझाई_लाईन
एक मिनिट. मीही तोक्योत होतो, त्यामुळे विचारतो. निशिकासाईकर, तुम्ही *निशिकासाईत* का राहता?

तोक्योत हजार जागा आहेत. २००० च्या आसपास वायटूकेच्या (संगणकातल्या २००० सालाच्या गोंधळाच्या) कामासाठी आलेल्या आपल्या लोकांनी तोक्योच्या एदोगावा विभागातली ती जागा धरली, कारण तोझाई लाईन या मेट्रोनं ओतेमाचीची ऑफिसं जवळ पडत. मग मसाल्याची दुकानं आली, भारतीय शाळा आल्या. २०१९ मध्ये तर मूळ भारतीय असलेले योगेंद्र पुराणिक एदोगावाच्या नगरसभेवर निवडून आले. हे सगळं आपल्याला हवं होतं म्हणून आपण तिथे राहिलो. तुमच्या चिबाच्या बायकोनं तिच्याच देशात, भारतीय वस्तीत संसार केला. तेव्हा ‘आपापल्याच लोकांत राहिलं की देश कळत नाही’ असं कोणी म्हणालं होतं का?

आता परक्या देशात तिची पाळी आली तर तत्त्व आठवलं.

प्लेनोवासी
टोकाचं बोलताय. तोक्यो तिचं होतंच. तिला तिथे वस्तीची गरज नव्हती, यांना होती. अमेरिकेत दोघंही परके, मग दोघांनाही सोयीची जागा बघावी. प्लेनोत मित्सुवाही आहे आणि पटेलचं भारतीय किराणा दुकानही. हीच तर खरी मिश्र कुटुंबाची जागा.

शनिवारची_आई
दोघंही परके, पण सारखे परके नाहीत. यांना ऑफिस आहे, इंग्रजी आहे, आणि मराठी माणसं अमेरिकेत कुठेही भेटतात. सगळे मुलांबद्दल बोलताय म्हणून सांगते, मला वस्ती सगळ्यात जास्त माझ्यासाठी हवी होती. धाकट्याच्या वेळी रात्री पोटात कळा आल्या तेव्हा दुखणं नेमकं कसं आहे हे मला इंग्रजीत सांगताच येईना. फोन करायला एक जपानी बाई ओळखीची नव्हती. दुकान असणं वेगळं आणि मध्यरात्री फोन उचलणारं कोणी असणं वेगळं. मित्सुवात नूडल्स मिळतात, मैत्रीण मिळत नाही.

कंपनीनं बदलीवर पाठवलं तर व्हिसा बहुधा एल-वन असेल. तसं असेल तर बायकोला वेगळी परवानगी न काढता नोकरी करता येते. टॉरन्सच्या बाजूला जपानी बोलणारी माणसं लागणारे दवाखाने, हिशेबनीस, प्रवास कंपन्या आहेत. प्लेनोत ती काय करेल, हे विचारलंत का तिला?

गार्डीनाकर
शनिवारच्या आईंशी भाषेवरून वाद चालू ठेवीन, पण याला +१.

भवानीताईंसाठी: लॉस एंजेलिसलाही महाराष्ट्र मंडळ आहे, आणि आर्टेशियाच्या पायोनियर बुलेव्हार्डवर पोह्यापासून पुरणयंत्रापर्यंत सगळं मिळतं, गाडीनं अर्धा तास. ट्रॅफिक नसेल तर. (म्हणजे पाऊण तास धरा.) आणि वहिनी चिबाच्या म्हणून मुद्दाम सांगतो, टॉरन्सचं भगिनी-शहर चिबातलंच काशिवा आहे, १९७३ पासून. शाळेतल्या पोरांची देवाणघेवाण चालते, वसंतात बुन्काचा, म्हणजे जपानी संस्कृतीचा, मेळा भरतो.

निशिकासाईकर
सगळ्यांचे आभार, तोझाई_लाईन यांचेही, जरा दात-ओठ खाऊन. धागा रात्री बायकोला वाचून दाखवला, जमेल तसा जपानीत सांगत. निशिकासाईचा मुद्दा आला तेव्हा ती एवढंच म्हणाली की हा माणूस कोण आहे, त्याला जेवायला बोलाव.

घर घेण्याचा विषय तूर्त बंद. टॉरन्समध्ये भाड्यानं बघतोय. पण मराठीचं माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. तिच्याशी ठरलंय की शनिवार जपानीचा असेल तर रविवार मराठीचा आणि गृहपाठ मी घेणार. गार्डीनाकर, दोन खोल्यांच्या जागेला तिकडे खरंच एवढं भाडं पडतं का, की दलाल मला परका बघून सांगतोय? व्यनि करतो.

भोचक_भवानी
रविवारी गृहपाठ *बाबा* घेणार! धागा जपून ठेवते हो, सहा महिन्यांनी वर काढीन.

प्लेनोवासी
भाड्याचा आकडा कळला की इथेही टाका. आमचं निमंत्रण कायम आहे, फक्त ऑगस्टमध्ये येऊ नका.