बुद्धिबळात जिंकत आलेला डाव टायमावर जातो, काय करू?

देवगडचा_घोडा
नमस्कार मंडळी, गेल्या महिन्यात रत्नागिरीला एका स्पर्धेत 10 मिनिटं अधिक दर चालीला 5 सेकंद (10+5) असा टाइम होता, हत्तीच्या एंडगेममध्ये (डावाच्या शेवटच्या टप्प्यात) माझी दोन प्यादी जास्त होती आणि घड्याळात 40 सेकंद, तिथून हात असा थरथरायला लागला की एक प्यादं फुकट दिलं, मग दुसरं, आणि शेवटी फ्लॅग पडला, म्हणजे टाइम संपला. रात्री झोप नाही आली. ऑनलाइन रोज 3+0 (3 मिनिटं, जास्तीचे सेकंद नाहीत) खेळतो तरी असं का होतं? हाताचा स्पीड वाढवायचा कसा?

चिपळूण_ई4
दादा, हाताचा स्पीड हा प्रॉब्लेमच नाहीये. 40 सेकंद उरले तेव्हा उशीर झालेला होता, टाइम त्याच्या खूप आधी कुठेतरी गेला. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर तुमचे जुने डाव उघडा, अॅनालिसिसखाली प्रत्येक चालीला किती वेळ लागला त्याचा ग्राफ येतो, त्यात उंच दांडा कुठे दिसतो ते बघा. आणि 3+0 सोडा हो, त्यात नुसती माउसची पळापळ शिकता आणि प्रीमूव्हची (समोरच्याने खेळायच्या आधीच आपली चाल लावून ठेवायची) सवय लागते जी खऱ्या पटावर काही कामाची नाही. 3+2 खेळा. 60 चालींचा डाव झाला तर 2 मिनिटं जास्तीची मिळतात, म्हणजे एंडगेम खेळायला मिळतो, आणि तुम्ही हरलात ते तिथेच ना.

मालवणची_ताई
मी मुलांना शिकवते, म्हणून पटावरचं सांगते. ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबायचं, हे घरीच अंगवळणी पाडा. घाईत नियमाबाहेरची चाल करून घड्याळ दाबलंत तर 10+5 सारख्या डावात समोरच्याला 2 मिनिटं वाढवून मिळतात आणि दुसऱ्यांदा तसं झालं की डाव जातो, म्हणून शह लागलाय का ते आधी बघायचंच. अजून एक, टाइम संपत आलाय आणि जिंकणं जमेलसं वाटत नाही, आणि समोरच्याकडे राजाशिवाय एकच प्यादं उरलंय, तर ते प्यादं कसंही करून मारा, हत्ती द्यावा लागला तरी चालेल. त्याच्याकडे नुसता राजा उरला तर तुमचा फ्लॅग पडला तरी डाव बरोबरीत सुटतो. माझ्या एका विद्यार्थ्याने असा अर्धा पॉइंट वाचवलाय.
आमचे आजोबा पटावर बसले की एकच म्हणायचे, "घाई कित्याक करतंस?" मी मुलांना अजून तेच सांगते.

गुहागर64
दादा मनाला लावून घेऊ नका. 2025 चा महिला वर्ल्ड कप आठवा, जॉर्जियातल्या बाटुमीला. फायनल दिव्या देशमुख विरुद्ध कोनेरू हम्पी, दोन्ही क्लासिकल (लांब वेळेचे) डाव ड्रॉ, मग 15+10 चे रॅपिड (कमी वेळेचे) डाव, आणि दुसऱ्या डावात टाइम कमी असताना हम्पीकडून चुका झाल्या. हम्पी 2019 आणि 2024 ची महिला रॅपिडची वर्ल्ड चॅम्पियन आहे! तिचं असं होतं तर आपलं होणारच.

देवगडचा_घोडा
सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री लाईट आल्यावर बसून 10 मिनिटांचे वीस डाव बघितले. चिपळूणवाल्या दादांचं शंभर टक्के बरोबर निघालं, जवळपास प्रत्येक डावात बाराव्या ते अठराव्या चालीच्या मध्ये कुठेतरी एकाच चालीवर दोन-अडीच मिनिटं घालवलीत, आणि कॉम्प्युटर म्हणतो की ज्या दोन चालींत मी अडकलो होतो त्या दोन्ही सारख्याच चांगल्या. मग अशा वेळी ठरवायचं कसं?

चिपळूण_ई4
दोन्हीत काही मरत नसेल तर जी आधी सुचली ती खेळून मोकळं व्हायचं. 10 मिनिटांच्या डावात एका चालीला 40 सेकंदांच्या वर द्यायचे नाहीत, फक्त मोहरा बळी द्यायचा असेल किंवा वजिरावजिरी करून एंडगेमला जायचं असेल तेव्हाच द्या, कारण ते मागे घेता येत नाही.

मालवणची_ताई
आणि नुसत्या हत्ती-राजाने मात करायची रोज घड्याळ लावून, 30 सेकंदात. पंधरा दिवसांत हात थरथरायचा कमी होईल बघा.

देवगडचा_घोडा
आजच सुरू करतो ताई. शनिवारी रात्री 9 ला 10+5 चे चार डाव कोण खेळेल का? पाऊस नसला तर नेटवर्क असतं.

गुहागर64
मी आहे. पहिला डाव मी काळ्याने खेळतो.