‘भोक’ की ‘फट’? ब्रॉनच्या गाडीच्या तळातला एक शब्द

प्रश्न

नमस्कार मंडळी. २००९ सालच्या ब्रॉन बीजीपी ००१ या फॉर्म्युला वन गाडीवर मराठीत सविस्तर लिहितो आहे. गाडी कशी घडली, तो हंगाम कसा गेला, सगळंच. बाकीचा मजकूर हळूहळू जमतोय, पण एका शब्दापाशी चार दिवस अडकलोय.

आधी थोडी पार्श्वभूमी. ५ डिसेंबर २००८ ला होंडाने फॉर्म्युला वन सोडत असल्याचं जाहीर केलं. इंग्लंडमधल्या ब्रॅकलीच्या कारखान्यात २००९ ची गाडी तोवर बरीच पुढे गेली होती, कारण २००८ चा हंगाम जवळजवळ सोडून देऊन त्यांनी नव्या नियमांच्या गाडीवर जोर लावला होता. संघाचे प्रमुख रॉस ब्रॉन आणि सहकाऱ्यांनी नाममात्र एक पौंडात संघ घेतला. होंडाच्या इंजिनासाठी आखलेल्या गाडीत मर्सिडीजचं इंजिन बसवावं लागलं आणि त्यासाठी मागच्या भागात कापाकापी करावी लागली. ६ मार्चला गाडी सिल्व्हरस्टोनला पहिल्यांदा धावली, २९ मार्चला मेलबर्नच्या शर्यतीत संघाच्या दोन चालकांपैकी जेन्सन बटन पहिला आणि रुबेन्स बारिकेलो दुसरा आला.

माझी अडचण आहे डिफ्यूझरची. गाडीच्या तळाचा मागचा, वर चढत जाणारा भाग म्हणजे डिफ्यूझर. ब्रॉन, टोयोटा आणि विल्यम्स या तीन संघांनी तो दुमजली केला होता, आणि वरच्या मजल्याला हवा मिळावी म्हणून तळात एक मोकळी जागा ठेवली होती. बाकीच्या संघांनी तक्रार केली, प्रकरण पॅरिसला मोटर शर्यतींच्या अपील न्यायालयात गेलं. तळात भोक नसावं असा नियम होता, त्यामुळे तिथला मुख्य वाद हा होता की ही मोकळी जागा म्हणजे ‘भोक’ आहे की नाही. फेरारीच्या वकिलांचं म्हणणं होतं की भाषा कळणारा कुणीही याला भोकच म्हणेल. ब्रॉनची बाजू म्हणत होती की हे भोक नाही, दोन वेगळ्या पृष्ठभागांमधली जागा आहे. मराठीत हे दोन शब्द कोणते घ्यावेत? मी ‘छिद्र’ आणि ‘अंतर’ लिहिलंय, पण वाचताना काहीच कळत नाही.

प्रतिसाद

‘छिद्र’ नको. छिद्र म्हटलं की बारीक काहीतरी डोळ्यांपुढे येतं, चाळणीचं, बासरीचं. ‘अंतर’ म्हणजे तर पुणे ते नाशिक. साधं ‘भोक’ आणि ‘फट’ लिहा.

प्रतिसाद

मला डोंगरातले शब्द आठवले. राजगडाच्या सुवेळा माचीवर किंवा रतनगडाच्या माथ्यावर जे आरपार भोक आहे त्याला आपण नेढं म्हणतो. सुईच्या भोकालाही तोच शब्द. नेढ्याच्या चारी बाजूंनी एकच दगड असतो, कुठूनही बोट फिरवा, कातळ तुटत नाही. खिंड मात्र दोन डोंगरांच्या मधली. म्हणजे फेरारी म्हणत होती हे नेढं आहे, आणि ब्रॉन म्हणत होता ही खिंड आहे. तुमच्या लेखात हे दोन शब्द एकदा तरी यावेत असं मनापासून वाटतं. सह्याद्रीत चार पावलं चाललेल्या वाचकाला एका वाक्यात वाद समजेल.

प्रतिसाद

नेढं सुंदर आहे, खिंडीबद्दल मात्र माझी हरकत आहे. खिंड ही पुष्कळदा एकाच रांगेतली खोलगट जागा असते, तिच्या तळाशी दोन्ही डोंगर जोडलेलेच असतात. शिवाय ती वरून उघडी. गाडीच्या तळातली जागा तशी नव्हती.

मला वाटतं ‘फट’ हाच शब्द बरोबर, आणि त्याला एक व्याकरणाचा आधार आहे. आपण बोलतो कसं ते ऐका. भोक नेहमी कशात तरी असतं: भिंतीत भोक, बनियनला भोक, डब्याच्या तळाला भोक. म्हणजे एक वस्तू, तिला भोक. फट मात्र दोघांच्या मधली असते: दोन फळ्यांमधली फट, दार आणि चौकटीतली फट, दोन फरश्यांमधली फट. भोकाला एक मालक लागतो, फटीला दोन शेजारी. ‘भिंतीत फट पडली’ असंही आपण म्हणतो, पण तेव्हा भिंत दुभंगली, तिचे दोन भाग झाले हेच सांगायचं असतं.

आता बंद दाराकडे बघा. दाराभोवती फट चारी बाजूंनी फिरते, भिंतीने ती पूर्ण वेढलेली असते. तरी कुणी ‘भिंतीत भोक आहे’ म्हणत नाही, कारण आपण दार आणि चौकट या दोन वस्तू मानतो. न्यायालयापुढे नेमका हाच प्रश्न होता. त्या मोकळ्या जागेचा आकार कुणीच नाकारत नव्हतं. गाडीचा तळ ही एक वस्तू की दोन, एवढंच ठरवायचं होतं. आणि ‘कुणीही भोकच म्हणेल’ या मुद्द्याचं म्हणाल तर लहान मूलसुद्धा दाराच्या फटीला भोक म्हणत नाही, फटच म्हणतं, विशेषतः तिच्यात बोट चेंगरल्यावर.

प्रश्नकर्ता

हे फारच मोलाचं मिळालं. कारण नियमातच तळ दोन पातळ्यांचा होता! मधला पट्टा खाली आणि दोन्ही बाजूंचा तळ त्याहून ५० मिलिमीटर वर, अशी पायरी. ब्रॉनच्या गाडीत ती मोकळी जागा या पायरीपाशीच होती. दोन पातळ्या म्हणजे दोन पृष्ठभाग, आणि त्यांच्यामधली जागा ही कुणाच्याच अंगातलं भोक नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद. १५ एप्रिल २००९ ला निकाल आला आणि तिन्ही संघांचे डिफ्यूझर नियमात बसतात असं ठरलं. तुमच्या भाषेत सांगायचं तर न्यायालयाने ‘फट’ मान्य केली.

आता पुढचा प्रश्न: डाउनफोर्स, म्हणजे धावत्या गाडीला हवेमुळे रस्त्याकडे ढकलणारं बल. मी ‘अधोबल’ लिहिलंय. आणि डेव्हलपमेंटला ‘विकास’.

प्रतिसाद

‘गाडीचा विकास’ कानाला खटकतो. विकास मुलाचा होतो, गावाचा होतो. गाडी घडवतात, तिच्यात सुधारणा करतात. ‘बीजीपी ००१ ची घडण’ असं लिहा, मागच्या भागाच्या कापाकापीची गोष्ट त्या शब्दात आपोआप बसते. हंगाम मात्र अगदी बरोबर आहे. मोसम आंब्याचा, पावसाचा, तो आपोआप येतो. हंगाम माणसाच्या कामाचा: पेरणीचा, गाळपाचा. शर्यतींना हंगामच.

प्रतिसाद

मी भोसरीत एका कारखान्यात काम करतो, म्हणून डाउनफोर्सबद्दल थोडं. ‘अधोबल’ पुस्तकात चालेल, पण वाचकाला काहीच दिसत नाही. ‘दाब’ म्हणावं तर निम्मीच गोष्ट कळते. गाडीच्या वरच्या पंखाचं काम दाबासारखं वाटतं, पण तळाचं काम वेगळं आहे. तळ आणि रस्ता यांच्यातल्या अरुंद जागेतून हवा जोरात जाते, तिथला हवेचा दाब कमी होतो आणि गाडी रस्त्याकडे खेचली जाते. डिफ्यूझर मागे रुंदावत जातो, तिथे हवा पुन्हा सावकाश होते. हे रुंदावणं जितकं चांगलं जमेल तितकी तळाखालून हवा जास्त ओढली जाते. दुमजली डिफ्यूझरचा फायदा हाच, मागे जागा जास्त मिळते. म्हणून तळाबद्दल लिहिताना ‘ओढ’ घ्या: ‘गाडीला जमिनीची ओढ वाढली.’ आणि परिणाम सांगायला आपल्याकडे शब्द आधीच आहे: गाडी रस्ता धरते. घाटात गाडी चालवणारा प्रत्येक जण तो वापरतो.

वजन वाढवलं तरी गाडी रस्ता धरेल असं काहींना वाटतं. पण वजन वळणावर गाडीला बाहेरही फेकतं. ही ओढ वजन न वाढवता मिळते, सगळी किंमत त्यातच आहे.

डिफ्यूझर मात्र तसाच ठेवा. ‘विसारक’ वगैरे शब्द आमच्या कामाच्या जागी कुणी ओळखणार नाही.

प्रश्नकर्ता

‘ओढ’ घेतला. आणखी एक शब्द या हंगामासाठी हवा होता, तोही विचारतो. बटनने पहिल्या ७ पैकी ६ शर्यती जिंकल्या, ७ जूनला तुर्कस्तानपर्यंत त्याचे ६१ गुण झाले होते. मलेशियाची शर्यत पावसाने अर्ध्यात थांबली म्हणून तिथे निम्मेच गुण मिळाले, नाहीतर आणखी असते. त्यानंतरच्या १० शर्यतींत मात्र त्याला फक्त ३४ गुण मिळाले आणि एकही विजय नाही. दुसऱ्या संघांनीही दुमजली डिफ्यूझर बसवले हे एक कारण. दुसरं कारण टायरचं: ही गाडी टायरला फार जपून वापरायची, त्यामुळे सिल्व्हरस्टोनसारख्या थंड ठिकाणी टायर हवे तितके तापायचेच नाहीत. याला ‘टायरचं तापमान गाठता आलं नाही’ असं लिहिलंय, पण ते अहवालासारखं वाटतं.

प्रतिसाद

‘टायरला ऊब धरेना.’ कोंबडीची अंडी, थंडीतली गोधडी, सगळीकडे ऊबच धरते. आणि ‘धरेना’ मध्ये प्रयत्न करूनही न होणं आहे, ते ‘गाठता आलं नाही’ पेक्षा जवळचं.

प्रतिसाद

‘ऊब धरेना’ ला माझंही मत. फक्त ‘धरणे’ दोनदा येईल, रस्ता धरते आणि ऊब धरेना. पण मला ते जुळून आलेलं वाटतं, कारण टायरला ऊब धरली नाही तर गाडीही रस्ता धरत नाही.

प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. लेखातला तो परिच्छेद आता असा झालाय, चूक दिसली तर सांगा:

‘तळ एकच मानला तर ते भोक होतं, दोन मानले तर फट. न्यायालयाने दोन मानले. गाडीला जमिनीची ओढ होतीच, ती राहिली, आणि उन्हाळ्यापर्यंत बटनला कुणी गाठू शकलं नाही. मग बाकीचे सावरले, इंग्लंडच्या गारव्यात टायरला ऊब धरेना, आणि जून महिन्यात हातात आलेलं विजेतेपद ऑक्टोबरपर्यंत लांबलं. १८ ऑक्टोबरला ब्राझीलमध्ये बटन चौदाव्या जागेवरून निघाला, एकेकाला मागे टाकत पाचवा आला आणि विजेता ठरला.’

‘हातात आलेलं’ ऐवजी ‘हातातोंडाशी आलेलं’ बरं का?

प्रतिसाद

हो, हातातोंडाशीच. आणि नेढं कुठे गेलं? पहिल्या वाक्याआधी एक ओळ त्याला द्याच.