इंटर्नला आधी पुरावा शोधायला शिकवायचं की हात बसवायचा? तीन ठिकाणच्या पशुवैद्यकांची चर्चा

रत्नागिरी: पशुवैद्यकीय इंटर्न सरांचं प्रिस्क्रिप्शन उतरवून घेतात, हेच औषध का, हे विचारत नाहीत. म्हणून आठवड्याला निदान एका केसवर त्यांच्याकडून कार्डावर प्रश्न लिहून घ्या: रुग्ण कोण, उपचार कोणता, तुलना कशाशी, मोजायचं काय. उदाहरणार्थ, पावसात जंत झालेल्या कोकण कन्याळ शेळ्यांना मेंढीच्या डोसने अल्बेंडाझोल हे जंतांचं औषध दिलं आणि दुप्पट डोसने दिलं, तर १४ दिवसांनी लेंडीतली अंडी कशाने जास्त घटतात? मग शोधनिबंध वाचा.

सावंतवाडी: नाही पटलं. पापणी आतून पांढरीफटक, जबड्याखाली सूज, अशी शेळी समोर असताना वाचत बसायचं? त्यात बरेच अभ्यास मेंढ्यांवरचे. शेळीच्या अंगातून औषध लवकर निघून जातं, त्यामुळे मेंढीचा डोस तिला अपुरा पडतो. पोरं निबंधातला आकडा जशाच्या तसा देतील. त्यापेक्षा वजन काट्यावर करायला आणि औषध जिभेच्या मुळाशी सोडायला शिकवा.

रत्नागिरी: त्या शेळीला उपचार आजच. प्रश्न उरलेल्या कळपाचा आहे. आणि मेंढीवरचा अभ्यास शेळीला लागतो का, हे ओळखणं हाच तर धडा!

दापोली: दोघांच्याही बोलण्यात मोजणी राहिली. कळपातल्या १०-१५ शेळ्यांना टॅग लावा, नुकत्या गाभण असतील त्या वगळा. त्यांना अल्बेंडाझोल नकोच. लेंड्या गुदाशयातूनच घ्या. ३ ग्रॅम लेंड्या ४२ मिली पाण्यात घोटून गाळा, त्यातलं १५ मिली सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचं पाणी ओतून टाका, तेवढंच मिठाचं संपृक्त पाणी घाला. मॅकमास्टर स्लाइडच्या (अंडी मोजायच्या आखीव काचेच्या) दोन्ही खणांतली अंडी मोजून ५० ने गुणा, म्हणजे एका ग्रॅममधली अंडी कळतात. मग औषध द्या आणि १४ दिवसांनी त्याच शेळ्यांची पुन्हा मोजणी. घट ९५ टक्क्यांच्या खाली आली तर जंत औषधाला दाद देत नसल्याचा संशय घ्या, पण आधी डोस तपासा. पोरं चुकतात ती नमुन्यात: डबी दुपारभर गाडीत तापते, अंडी उबतात, आकडा खोटा येतो. आइसबॉक्स हवाच.

सावंतवाडी: भातखाचरात चरणाऱ्या शेळ्यांचं काय? पर्णकृमीची (यकृतातल्या पानासारख्या चपट्या जंतांची) अंडी जड, मिठाच्या पाण्यात तळाशीच राहतात. स्लाइड कोरी दिसते आणि इंटर्न 'जंत नाहीत' लिहून मोकळा.

दापोली: बरोबर. तिथे साध्या पाण्यात गाळ बसवून तोच बघायचा. हे कार्डावर लिहायलाच हवं.

सावंतवाडी: मग कार्ड चालेल. पण ओपीडी आटोपल्यावर, आणि १४ व्या दिवशी गोठ्यावर परत जायला गाडी मिळणार असेल तरच. दुसरी मोजणी झाली नाही तर पहिली वाया.