अनंत तारेचं फील्ड नीट येतं, मग पोटेन्शियल अनंत का?

सुरंगी

मी रत्नागिरीत बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सध्या सुट्टीत देवगडला घरी. मोबाइलवर ग्रीक अक्षरं उमटत नाहीत, म्हणून आधी खुणा सांगते. क म्हणजे ९ × १०^९, ल म्हणजे तारेच्या दर मीटरवर किती कूलोम चार्ज, र म्हणजे तारेपासूनचं लंब अंतर.

गाउसच्या नियमाने अनंत लांब सरळ तारेचं इलेक्ट्रिक फील्ड तीन ओळींत सुटतं. तारेभोवती सिलिंडर घ्यायचा, त्याच्या दोन्ही झाकणांतून फ्लक्स (पृष्ठभागातून आरपार जाणारं फील्ड) शून्य, बाजूच्या पृष्ठभागावरून फील्ड येतं २कल/र. परीक्षेला तेवढं पुरतं. पण मला गाउसशिवाय, तुकड्यांची बेरीज करून तेच उत्तर काढायचं होतं. पोटेन्शियलला (दर कूलोममागची ऊर्जा, व्होल्टमध्ये) दिशा नसते, म्हणून तिथून सुरुवात केली. प्रत्येक तुकड्याचं क × चार्ज / अंतर घेतलं आणि इंटिग्रेट केलं. उत्तर अनंत! र कितीही घ्या, अनंतच. आता अनंताचं डिफरन्शिएशन करून फील्ड कसं काढणार? तार एकच, चार्ज तोच, मग एक उत्तर शहाण्यासारखं आणि दुसरं असं का?

वायंगणी

माका एकच समाजणा नाय. अनंत तार हाडूची खयसून?

जुना_मास्तर

वायंगणीबुवांनी थट्टा केली खरी, पण चावी तिथेच आहे. अनंत तार आणूच नका, वीस मीटरची आणा.

बाय, तुझं इंटिग्रेशन बरोबर आहे. पण पोटेन्शियलकडे जाण्याआधी फील्डची बेरीज का जमते ते बघ, कारण हा भाग वर्गात पाच मिनिटांत उरकतात आणि खरी गंमत त्यातच आहे. रापण ओढताना पाहिली असशील. दोन दोर, किनाऱ्यावर एकमेकांपासून लांब उभ्या दोन रांगा. दोघांचीही ओढ तिरकी, पण तिचा आडवा भाग परस्परांत जिरतो आणि जाळं सरळ किनाऱ्याकडे येतं. लंबाच्या डाव्या-उजव्या बाजूला सारख्या अंतरावरचे तारेचे दोन तुकडे घेतलेस की हेच होतं. तिथे ओढ असते, इथे ढकल, एवढाच फरक.

आता तारेवरचं अंतर मोजायचं सोड आणि कोन मोज. तुझ्या बिंदूपासून तारेवर लंब टाक. प्रत्येक तुकडा त्या लंबापासून किती कोनात दिसतो ते धर. दूरच्या तुकड्याचा जोर अंतराच्या वर्गाने घटतो, हे कूलोमने सांगितलंच आहे. पण दूर बघताना त्याच एका अंशात तार जास्त मावते, एक तर अंतर वाढलं म्हणून आणि वर ती तिरकी दिसते म्हणून. ही वाढही नेमकी अंतराच्या वर्गानेच होते. म्हणजे घट आणि वाढ फिटंफाट! प्रत्येक अंशाचा वाटा सारखा, कल/र गुणिले तो छोटा कोन. मग तुकडा लंबाच्या पायथ्याशी असो नाहीतर पार क्षितिजाला टेकलेला. अनंत तार म्हणून घाबरायचं काय कारण? तुझ्या बिंदूवरून ती सगळी मिळून १८० अंशांतच बसते.

त्यातला तारेला लंब असलेला भाग हवा, म्हणून कॉसने गुणायचं. कॉसचं इंटिग्रेशन उणे ९० ते अधिक ९० अंश म्हणजे २. तुझ्या २कल/र मधला २ तो हाच.

तार मर्यादित असेल आणि आपण तिच्या मधोमध समोर असू, तर ९० च्या जागी टोकाचा कोन घालायचा, की उत्तर २कल/र गुणिले त्या कोनाचं साइन. र १ मीटर आणि तार १० मीटरची असेल तर अनंत तारेच्या ९८ टक्के फील्ड मिळतं, २० मीटरला ९९.५ टक्के. बाकीची तार मुंबईपर्यंत नेलीस तरी पदरात पडणार तो उरलेला अर्धा टक्का.

पोटेन्शियलमध्ये मात्र भागाकार अंतराने, वर्गाने नाही. शिवाय दिशा नाही, म्हणून काहीच जिरत नाही. दूरचे तुकडे भर घालतच राहतात. ल = १ नॅनोकूलोम दर मीटर घेऊन आकडे मांडतो. तार २० मीटरची असताना १ मीटरवर ५४.० व्होल्ट, २ मीटरवर ४१.६. तार ४० मीटरची केली की तेच आकडे ६६.४ आणि ५४.० होतात. दोन्ही चढले, पण जवळजवळ सारखेच चढले. फरक आधी १२.३४ होता, आता १२.४४ (वरचे आकडे एका दशांशापर्यंतच लिहिलेत). तार वाढवत गेलीस की तो १२.५ च्या आसपास थांबतो, कारण २कल × लॉग २ (नैसर्गिक लॉग) तेवढंच आहे. पोटेन्शियल वर वर सरकत राहतं, त्याचा उतार मात्र हलत नाही, आणि फील्ड म्हणजे तो उतार. तेव्हा अनंतापासून मोजायचा हट्ट सोड. १ मीटरवर शून्य धर आणि उणे २कल × लॉग र लिही. त्याचं डिफरन्शिएशन कर, बघ काय येतं.

तारवाला

मास्तरांशी सहमत. लाईनच्या कामात व्होल्ट नेहमी तार आणि जमीन किंवा तार आणि तार यांच्यामधलेच बोलतात. अनंतापासून कुणी मोजत नाही.

तारेच्या अगदी जवळचं फील्ड हा आमच्या रोजच्या कामाचा विषय. हवा साधारण ३० किलोव्होल्ट दर सेंटिमीटरला फुटते, म्हणजे वीज वाहू देते. दीड सेंटिमीटर त्रिज्येच्या तारेच्या पृष्ठभागावर तेवढं फील्ड असेल, तर दीड मीटरवर फक्त शंभरावा भाग उरतो. बिंदूचा चार्ज असता तर दहा हजारावा उरला असता. पावसाळ्यात मोठ्या लाईनखाली सीं असा आवाज येतो तो कोरोना. तारेला लोंबणाऱ्या थेंबाच्या टोकाशी फील्ड वाढतं आणि तेवढ्या जागेत हवा फुटते. म्हणून ४०० केव्हीच्या लाईनला एका फेजसाठी दोन किंवा चार तारा थोड्या अंतराने बांधतात. चार्ज वाटला जातो आणि प्रत्येक तारेच्या पृष्ठभागावरचं फील्ड उतरतं.

आपल्या किनाऱ्यावर पहिल्या शिंतोड्यात खांबावर चिरचिर होते ती वेगळी. इन्सुलेटरवर खाऱ्या वाऱ्याचं मीठ बसलेलं असतं, ते ओलं झालं की पृष्ठभागावरून करंट सरपटतो. त्याचा २कल/र शी संबंध नाही.

सुरंगी

मास्तर, उणे २कल लॉग र वरून २कल/र आलं! पण एक शंका. लॉगच्या आत र मीटरमध्ये कसा चालेल? आत नुसता आकडा हवा ना?

जुना_मास्तर

हवाच. म्हणून खरं तर लॉग (र / १ मीटर) लिहायचं. ते १ मीटर म्हणजे तू जिथे शून्य धरलंस ती जागा. अनंत तारेच्या गणितात र सोडून दुसरी लांबीच नाही, ती बाहेरून द्यावी लागते. फील्डला तिची गरज पडत नाही.

आता एक कर. तार एका बाजूलाच अनंत, आणि आपण तिच्या टोकाच्या बरोबर समोर, र अंतरावर. कोनाचीच युक्ती वापर, ० ते ९०.

सुरंगी

लंब भाग कल/र, आणि तारेला समांतर भागही कल/र, कारण तो जिरवायला दुसरी बाजूच नाही. म्हणजे फील्ड ४५ अंशांत तिरकं, र कितीही घेतलं तरी, आणि एकूण १.४१ कल/र. बरोबर?

जुना_मास्तर

बरोबर.

वायंगणी

मगे अर्धी अनंत तार तरी खय गावतली?